कप ते ग्रॅम: तांदळाचं माप सारखं चुकतंय? या क्रमाने तपासा

लक्षणं आधी. यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं, तरी दोष तांदळाचा नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. माप बदलताना कुठेतरी गफलत झाली आहे.

- कपाने मोजत होतात तोवर भात नीट व्हायचा. वजनकाटा आणला, ग्रॅममध्ये मोजू लागलात आणि भात कच्चट राहायला लागला.
- किंवा याच्या उलट: ग्रॅममध्ये लिहिलेली पाककृती कपाने केली आणि भाताचा गिच्च गोळा झाला.
- एक कप तांदूळ म्हणजे किती, हे शोधलं तर एकीकडे १५० ग्रॅम, दुसरीकडे १८५, तिसरीकडे २००, आणि कुणीतरी छातीठोकपणे २५० सांगतं.
- दोघांचा भात मोकळा होतो. तेच प्रमाण वीस जणांसाठी वाढवलं की लगदा.
- तांदळाची पिशवी बदलली की सगळं गणित फिसकटतं.
- कप तोच, तांदूळ तेच, तरी काट्यावर दर वेळी दहा-वीस ग्रॅमचा फरक.
- खाण्याची नोंद ठेवताय आणि भाताचे उष्मांक जवळजवळ तिप्पट दिसतात.

ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की आता मी ठरलेल्या क्रमानेच प्रश्न विचारतो. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, खर्चाच्या आणि कटकटीच्या शेवटी. बहुतेकांचा प्रश्न निम्म्या वाटेतच सुटतो.

१. आकडा तांदळाचा आहे की भाताचा?

यात फक्त पुन्हा वाचायचं काम आहे, म्हणून हे सगळ्यात आधी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटकांच्या तक्त्यात लांब दाण्याच्या कच्च्या पांढऱ्या तांदळाचा एक कप १८५ ग्रॅमचा धरला आहे, आणि त्याच तांदळाच्या शिजलेल्या भाताचा एक कप १५८ ग्रॅमचा. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की एकाच्या जागी दुसरा वापरला गेला तरी संशय येत नाही. पण १८५ ग्रॅम तांदूळ शिजले की साधारण अर्धा किलो भात होतो, म्हणजे वजन अडीच ते पावणेतीन पट. पाणी किती घातलं आणि वाफ किती गेली त्यावर हा आकडा थोडा हलतो.

उष्मांकांचा गोंधळ इथेच असतो. कच्च्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे सुमारे ३६५ किलोकॅलरी असतात आणि शिजलेल्या भातात सुमारे १३०. ताटातला भात तोलून त्यापुढे कच्च्या तांदळाचा आकडा लावला तर हिशोब तिपटीच्या घरात जाणारच. नोंद ठेवणाऱ्यांनी एकच पद्धत धरावी. मी कच्चं वजन धरायला सांगतो, कारण भातातलं पाणी दर वेळी वेगळं असतं.

२. काटा काय दाखवतोय?

ग्रॅमच ना? बहुतेक डिजिटल काट्यांवर एकक बदलायचं बटण असतं आणि ते पुसताना सहज दाबलं जातं. १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, त्यामुळे औंसात गेलेला काटा लगेच लक्षात येतो. फसवतो तो 'मिली' दाखवणारा. काटा घनफळ मोजत नाही. त्याला फक्त वजन कळतं, आणि पुढे मिली लिहिताना तो समोरचा पदार्थ पाणी किंवा दूध आहे असं गृहीत धरतो. त्या सेटिंगवर तांदूळ ठेवले तर दिसणारे २०० मिली हे प्रत्यक्षात २०० ग्रॅमच असतात. तेवढ्या तांदळाचं खरं घनफळ २५० मिलीच्या आसपास असतं.

औंसाचा आणखी एक घोळ आहे. वजनाचा औंस वेगळा आणि द्रवाचा फ्लुइड औंस वेगळा. 'आठ औंसांचा कप' हे वाक्य घनफळाबद्दल आहे, म्हणजे साधारण २३७ मिली. त्यावरून २२७ ग्रॅम तांदूळ घेतले तर चाळीसेक ग्रॅम जास्त पडतात.

भांडं ठेवून काटा शून्यावर आणला होता का, हेही बघा. आणि तांदूळ हळूहळू ओतत असताना काटा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर तो ओतलेल्या तांदळासकट नवा शून्य धरतो. अशा वेळी अंदाजाने पुढे जाऊ नका, सगळं रिकामं करून पुन्हा तोला.

३. 'एक मिली म्हणजे एक ग्रॅम' धरलंय का?

२५० मिलीचा कप, म्हणून २५० ग्रॅम तांदूळ. ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक, आणि सुधारायला सगळ्यात सोपी. हे समीकरण पाण्याचं आहे. तांदळाच्या कपात दाण्यांच्या फटींमध्ये हवा असते, आणि ती थोडीथोडकी नाही, जवळजवळ निम्मा कप. दाणा स्वतः पाण्यापेक्षा जड आहे, म्हणून तर तो पाण्यात बुडतो. पण हवेसकट मोजलेला कपभर तांदूळ कपभर पाण्यापेक्षा हलका भरतो.

खात्री करायची असेल तर कप तांदळाने काठोकाठ भरा आणि त्यावर मोजलेलं पाणी हळूहळू सोडा. तांदूळ आधीच 'भरलेल्या' त्या कपात शंभर मिलीच्या आसपास पाणी सहज जिरून जातं आणि तरी एक थेंब बाहेर येत नाही. वर बुडबुडे येताना दिसतात, ती फटींमधली हवा. हे झटपट करा, कारण थोड्या वेळाने दाणे स्वतःच पाणी ओढू लागतात.

लांब दाण्याच्या तांदळाचा २५० मिलीचा कप १९५ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे २५० ग्रॅम धरणारा माणूस चौथाईहून जास्त तांदूळ घेतोय आणि पाणी मात्र पहिल्याच हिशोबाचं घालतोय. भात कच्चट न राहिला तरच नवल.

४. कुणाचा कप?

'कप' नावाची एकच वस्तू जगात नाही. जपानी राइस कुकरसोबत येणारा कप १८० मिलीचा असतो. जपानमध्येच स्वयंपाकाचा कप २०० मिलीचा. अमेरिकी पाककृतींमधला कप २३७ मिलीचा, पण तिथल्याच खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तो २४० धरतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २५०. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला कप अर्ध्या पाइंटाचा, म्हणजे २८४ मिलीचा. लांब दाण्याचे तेच तांदूळ या कपांतून मोजले तर अनुक्रमे सुमारे १४०, १५६, १८५, १९५ आणि २२२ ग्रॅम भरतील. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे का दिसतात, त्याचं निम्मं उत्तर हेच. कुणी खोटं सांगत नसतं. प्रत्येकाच्या हातात वेगळा कप असतो आणि तो कोणता हे कुणीच लिहीत नाही.

चमच्याचंही तसंच. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २० मिलीचा. तांदळाच्या बाबतीत हा फरक बारा आणि सोळा ग्रॅमचा. भातासाठी फरक पडत नाही, खिरीसारख्या पदार्थात पडतो.

तुमचा कप किती मिलीचा आहे हे त्यावर छापलेलं नसेल, किंवा छापलेलं असूनही भरवसा नसेल, तर तो काट्यावर ठेवा, शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. भरताना डोळे काठाच्या पातळीला आणा. वरून पाहिलं की पाणी काठाला लागल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात कमी असतं. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

राइस कुकर वापरणाऱ्यांसाठी: भांड्याच्या आतल्या २, ३, ४ अशा रेघा त्या कुकरच्याच कपाच्या असतात. तो कप हरवला आणि घरातला मोठा कप वापरून रेघेपर्यंत पाणी भरलं, तर तांदूळ जास्त आणि पाणी कमी. हा दोष कुकरचा समजून तो दुरुस्तीला नेलेला मी पाहिला आहे.

एक दिलासाही आहे. तांदूळ आणि पाणी एकाच कपाने किंवा एकाच वाटीने मोजत असाल तर कप केवढा आहे याने काही बिघडत नाही, प्रमाण टिकतं. कपाचा आकार आडवा येतो तो ग्रॅममध्ये जायला निघालात की, किंवा बाकीचं साहित्य ग्रॅममध्ये दिलेलं असलं की.

५. कप भरता कसा?

शीग येईल असा भरता की वरून सपाट करता? पिशवीत कप खुपसून काढता की चमच्याने सोडता? भरल्यावर ओट्यावर ठोकता का? ठोकला की दाणे एकमेकांत बसतात आणि त्याच कपात आणखी मूठभर तांदूळ मावतात. दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक सहज पडतो. शीग ठेवली तर त्याहून जास्त, आणि शिगेची उंची दर वेळी वेगळी.

पद्धत कोणतीही धरा, पण एकच धरा. मी तांदूळ सैलसर ओततो आणि सुरीच्या सरळ पाठीने काठ सपाट करतो. ठोकत नाही, दाबत नाही. असा कप तीन-चारदा भरून तोला. आकडे दोन-चार ग्रॅमच्या आत आले तर हात स्थिर आहे, त्यांची सरासरी घ्या. पंधरा ग्रॅमने उड्या मारत असतील तर पुढच्या तपासण्या करण्यात अर्थ नाही, आधी भरणं सुधारा.

द्रव मोजायच्या चोचीच्या भांड्यात तांदूळ मोजणं टाळा. त्यात काठ सपाट करता येत नाही आणि तांदळाचा पृष्ठभाग कधीच समतल बसत नाही. रेघ कुठे धरायची हा अंदाजच राहतो.

६. तांदूळ कोणते?

आखूड, गोलसर दाणे कपात जास्त दाटीने बसतात. वर सांगितलेल्या अमेरिकी तक्त्यातच लांब दाण्याचा कप १८५ ग्रॅम, मध्यम दाण्याचा १९५ आणि आखूड दाण्याचा २०० आहे. उकडा तांदूळ लांब दाण्याच्या जवळपासच. कणी असेल तर ती फटी भरून काढते, त्यामुळे कप आणखी जड. बाजारात 'वाइल्ड राइस' म्हणून मिळणारं लांब काळं धान्य मुळात तांदळाच्या कुळातलं दुसरंच गवत आहे, त्याचा कप १६० ग्रॅमचा.

प्रक्रिया केलेल्या प्रकारांत तर तांदळाचा आकडा मुळीच चालत नाही. झटपट शिजणाऱ्या, आधी शिजवून वाळवलेल्या तांदळाचा कप १०० ग्रॅमच्याही आत असतो. फुललेल्या तांदळाचा कप १४ ग्रॅम. तांदळाच्या पिठाचा १५८, पण पिठाच्या बाबतीत कपावर विश्वासच ठेवू नका. चाळलेलं आणि डब्यात दाबून बसलेलं पीठ यांत इतकी तफावत असते की तिथे काट्याला पर्याय नाही.

म्हणून पिशवी बदलली की कप पुन्हा एकदा तोलायचा. मिनिटभराचं काम आहे.

आणि इथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. वजन अचूक आलं म्हणून पाणीही तेवढंच लागेल असं नाही. जुने तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी घेतात, कोंडा असलेले त्याहून जास्त आणि सावकाश. ग्रॅम तुम्हाला एवढंच सांगतात की दर वेळी तांदूळ तेवढेच घेतलेत. पाण्याचा आकडा त्या तांदळासाठी वेगळा ठरवावा लागतो.

७. तोलले केव्हा: धुण्याआधी की नंतर?

नेहमी आधी, कोरडे असताना. भिजवून निथळलेल्या तांदळात त्यांच्या कोरड्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश पाणी असतं, वर बाहेरून चिकटलेलं वेगळं. ते तांदूळ तोलून 'तीनशे ग्रॅम' म्हटलं तर खरे तांदूळ सव्वादोनशेच्या आसपासच असतात.

नुसते धुऊन घेतले तरी दाण्यांच्या फटींत पाणी अडकून राहतं आणि पुढे मोजून घातलेल्या पाण्यात त्याची भर पडते. चांगलं निथळलं तर कमी, घाई केली तर जास्त. 'मी तर सगळं मोजून घालतो' म्हणणाऱ्यांचा भात आसट होतो त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

यावर काट्याची एक युक्ती आहे आणि ती जमली की परत कपाकडे वळावंसं वाटत नाही. समजा ३०० ग्रॅम कोरडे तांदूळ आहेत आणि त्यांना ६०० ग्रॅम पाणी द्यायचंय. बेरीज ९००. शिजवायचं रिकामं भांडं काट्यावर ठेवून शून्य करा. धुतलेले, भिजवलेले, कसेही निथळलेले तांदूळ त्यात घाला. काटा समजा ३८५ दाखवेल. आता ९०० येईपर्यंत पाणी ओता. तांदळात आधीच किती पाणी शिरलं होतं याचा विचार करायची गरज उरत नाही, काट्याने ते मोजलेलंच आहे. कोरडं वजन तेवढं आधी घेतलेलं हवं.

८. प्रमाण घनफळाचं की वजनाचं?

मला विचाराल तर खरी गोम इथे आहे. ही तपासणी इतकी खाली ठेवली ती फक्त वरचे दोन आकडे, म्हणजे कपभर पाण्याचं आणि कपभर तांदळाचं वजन, हातात असल्याशिवाय करता येत नाही म्हणून.

'एकास दोन' हे प्रमाण कपाचं असेल तर एक कप तांदूळ आणि दोन कप पाणी. २३७ मिलीच्या कपाने म्हणजे १८५ ग्रॅम तांदूळ आणि ४७४ ग्रॅम पाणी. वजनात हे प्रमाण एकास २.५६ झालं. आता एखाद्याने काटा आणला, १८५ ग्रॅम तांदूळ अगदी बरोबर तोलले आणि एकास दोन म्हणून ३७० ग्रॅम पाणी घातलं. शंभर ग्रॅमहून जास्त पाणी कमी पडलं. त्याला वाटतं काट्याने घात केला. काट्याने काही केलेलं नाही. तांदूळ ग्रॅममध्ये गेले आणि प्रमाण कपातच राहिलं.

उलट बाजूनेही तेच. ग्रॅमच्या पाककृतीत एकास दीड लिहिलं असेल तर १८५ ग्रॅमला २७८ ग्रॅम पाणी. हेच कोणी एक कपाला दीड कप असं वाचलं तर ३५५ ग्रॅम जातं. सत्त्याहत्तर ग्रॅम जादा, आणि भात चिकट.

म्हणून आधी आपल्या तांदळाचा गुणांक काढा. कपभर तांदळाचं वजन भागिले त्याच कपातल्या पाण्याचं वजन. १९५ भागिले २५० म्हणजे ०.७८. कप किती मिलीचा आहे, त्यावर काय छापलंय, तो कोणत्या देशातला आहे, यातलं काहीच लागत नाही. कान तुटलेला चहाचा कपही चालतो. लांब दाण्याला हा आकडा साधारण ०.७८ येतो, आखूड दाण्याला ०.८५ च्या आसपास.

त्यानंतर हिशोब असा:

कपाचं प्रमाण वजनात न्यायचं तर पाण्याच्या आकड्याला गुणांकाने भागा. एकास दीडचं होतं एकास १.९२. एकास सव्वाचं होतं एकास १.६. एकास एकचं होतं एकास १.२८.

वजनाचं प्रमाण कपात आणायचं तर गुणा. वजनातलं एकास दोन म्हणजे कपाने एकास १.५६, म्हणजे दीड कपाहून थोडं जास्त.

पाककृतीत प्रमाण कशाचं आहे हे लिहिलेलंच नसेल, तर बाकीचं साहित्य बघा. तांदूळ कपात दिले असतील तर प्रमाण कपाचं. तांदूळ ग्रॅममध्ये आणि पाणी मिलीमध्ये असेल तर ते वजनाचंच आहे, कारण पाण्याचे मिली आणि ग्रॅम स्वयंपाकापुरते सारखेच. तांदूळ कपात आणि पाणी मिलीमध्ये, अशी खिचडी असेल तर लिहिणाऱ्याचा कप किती मिलीचा हे कळल्याशिवाय ती पाककृती वापरू नका.

९. प्रमाण वाढवताना भात बिघडतो?

आठव्या तपासणीपर्यंत सगळं बरोबर आहे, दोघांचा भात उत्तम होतो, पण पाहुणे आले की लगदा होतो. इथे मापाचा बदल बरोबर असतो, गुणाकार चुकीचा असतो. भांड्यात घातलेलं पाणी दोन वाटांनी जातं: काही तांदूळ पितात, काही वाफ होऊन जातं. तांदळाने प्यायचं पाणी तांदळाच्या वजनाबरोबर वाढतं. वाफेचं पाणी भांड्याचं तोंड, झाकण, आच आणि वेळ यांवर ठरतं. तांदूळ पाचपट केले म्हणून वाफ पाचपट होत नाही.

तुमची वाफ मोजता येते. भांडं, झाकण, तांदूळ, पाणी सगळं मिळून शिजवण्याआधी तोला. भात झाल्यावर झाकण न काढता दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा तोला. गरम भांडं थेट काट्यावर ठेवू नका. उष्णतेने आकडा सरकतो आणि काच तडकू शकते. लाकडी पाट ठेवून काटा शून्य करा, मग त्यावर भांडं ठेवा.

समजा २०० ग्रॅम तांदूळ आणि ४२० ग्रॅम पाणी होतं, आणि शिजल्यावर वजन ९० ग्रॅमने उतरलं. म्हणजे तांदूळ ३३० ग्रॅम पाणी प्यायले, ग्रॅमला १.६५. भात तुम्हाला हवा तसा झाला असेल तर हाच तुमचा आकडा. आता एक किलोला १६५० ग्रॅम, अधिक मोठ्या भांड्याची वाफ. ती समजा २०० धरली तर १८५०. सरळ पाचपट केलं असतं तर २१०० घातलं असतं. ते अडीचशे ग्रॅम जादा पाणी कुठेच जात नाही, भातातच राहतं. प्रेशर कुकरमध्ये वाफ फार कमी जाते, त्यामुळे तिथे प्रमाण वाढवणं तुलनेने सोपं.

खूप मोठ्या भांड्यात आणखी एक अडचण असते: तळाचा भात वरच्या भाताच्या ओझ्याखाली आणि जास्त आचेत शिजतो. ती मापाने सुटत नाही. भांडी दोन करा.

१०. काटा स्वतः बरोबर आहे का?

लोक सुरुवात इथून करतात, नवा काटा घेऊन येतात आणि भात तसाच होतो. म्हणून हे शेवटी.

सेल बदला. काटा कडक, सपाट ओट्यावर ठेवा. खाली कापड किंवा पायाखाली तांदळाचा एखादा दाणा नको. एकच वस्तू मध्यभागी आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. मग अ तोला, ब तोला, आणि दोन्ही एकत्र तोला. बेरीज जुळली पाहिजे. यासाठी प्रमाणित वजन लागत नाही. प्रमाणित वजन हाताशी असेल तर उत्तमच. सीलबंद पाकिटावर छापलेलं वजन आतल्या मालाचं असतं, वेष्टनाचे काही ग्रॅम त्यात धरलेले नसतात, हे लक्षात ठेवून ढोबळ पडताळा घेता येतो.

स्वयंपाकघरातले बरेच काटे १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतात आणि चार-पाच ग्रॅमच्या खाली त्यांचा फारसा भरवसा नसतो. चिमूटचिमूट टाकत राहिलं तर काही काटे ती भर मोजतच नाहीत. थोडे तांदूळ तोलायचे असतील तर भांडं उचलून पुन्हा ठेवा आणि मग आकडा वाचा.

इथे थांबा

कॅलिब्रेशनच्या सेटिंगमध्ये प्रमाणित वजनाशिवाय शिरू नका. पिठाचं पाकीट ठेवून काटा 'जुळवला' तर एक लहान चूक कायमची होऊन बसते. काहीही न ठेवता आकडा सरकत राहत असेल, कोपऱ्यांवर वेगवेगळा येत असेल, किंवा काट्यावर क्षमतेपेक्षा जास्त वजन पडलं असेल, आत पाणी गेलं असेल, तर आतला वजन मोजणारा भाग गेलेला असतो. तो घरी उघडून सुधारत नाही. दुरुस्तीवाल्याला दाखवा किंवा बदला. विक्रीसाठी तोलत असाल तर काट्याला स्वतः हात लावूच नका. त्याची अधिकृत पडताळणी करून घ्या, सील तोडू नका.

तांदूळ आणि पाणी ग्रॅमला ग्रॅम तेवढंच घेऊन, त्याच भांड्यात, सलग काही वेळा शिजवूनही भात एकदा कच्चा आणि एकदा करपलेला होत असेल, तर मापाचा विषय संपला. इलेक्ट्रिक कुकरचं तापमान नियंत्रण किंवा तापणारी तबकडी बिघडलेली असू शकते. वायर काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा. प्रेशर कुकरच्या कडेने वाफ जात असेल तर रबर रिंग बदलून बघा. तरीही जात असेल, किंवा सुरक्षा झडप उडाली असेल, तर तो कुकर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

आणि भात तोलण्यामागचं कारण इन्सुलिनचा डोस, मूत्रपिंडाचा आजार किंवा लहान मुलाचा औषधी आहार असेल, तर वर दिलेले सरासरी आकडे तिथे वापरू नका. आपला कप, आपले तांदूळ, कच्चं वजन आणि शिजलेलं वजन असं काही दिवस लिहून काढा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जा. डोस आणि घास यांचा मेळ तेच घालतील.